रक्तातला तिसरा कण

डेल्फ्टच्या आंतोनी लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये स्वतः घासलेल्या भिंगातून तांबड्या रक्तपेशी पाहून त्यांचे वर्णन केले. पांढऱ्या पेशी अठराव्या शतकात माहीत झाल्या. रक्तातल्या तिसऱ्या घटकाची, म्हणजे प्लेटलेटची, वैद्यकाच्या दप्तरी रीतसर नोंद झाली ती मात्र थेट १८८० च्या दशकात. हा उशीर चमत्कारिक आहे. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी असतात ४ ते ११ हजार, आणि प्लेटलेट्स १.५ ते ४.५ लाख. ज्या थोड्या होत्या त्या आधी सापडल्या आणि ज्या पुष्कळ होत्या त्या शंभराहून अधिक वर्षांनी.

प्लेटलेट लहान असते, हे त्याचे एक कारण. तिचा व्यास २ ते ४ मायक्रोमीटर, तांबड्या पेशीच्या जेमतेम निम्मा. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात मिळणारी सूक्ष्मदर्शके एवढी वस्तू सहज दाखवीत. खरी अडचण वेगळी होती. रक्त तपासायचे तर ते शरीराबाहेर काढायला हवे, त्यासाठी टोचायला हवे, आणि टोचल्याने होणारी जखम म्हणजे तर प्लेटलेटला कामावर येण्याचा हुकूम. बोटातून आलेला थेंब काचेवर पसरेपर्यंत त्या चकत्या फुगलेल्या असत, त्यांना काटे फुटलेले असत, एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झालेले असत. पाहणाऱ्याच्या वाट्याला येई तो दाणेदार गाळ. मूळ रूप कुणीच पाहिलेले नसल्यामुळे हे बदललेले रूप आहे, अशी शंका यायलाही जागा नव्हती.

पॅरिसचे आल्फ्रेद दोने यांनी १८४२ मध्ये रक्तातल्या बारीक गोलकांची नोंद केली. आतड्यांतून रक्तात येणाऱ्या अन्नरसाचे ते कण असावेत, असा त्यांचा समज झाला. त्यानंतरचे महत्त्वाचे नाव बॉनचे माक्स शुल्त्से यांचे. काचपट्टी शरीराच्या तापमानाला ठेवणारे गरम पीठ त्यांनी सूक्ष्मदर्शकाला जोडले होते, ते पांढऱ्या पेशींची हालचाल पाहण्यासाठी. १८६५ मधल्या त्यांच्या लेखाचा मुख्य विषय त्या पेशीच होत्या. पण वाटेत त्यांना रंगहीन बारीक गोलकांचे पुंजके दिसले, आणि हे पुंजके आजाऱ्यांच्याच नव्हे तर धडधाकट माणसांच्या रक्तातही नेहमी आढळतात, असे त्यांनी लिहून ठेवले. रक्ताचा अभ्यास करणाऱ्या इतरांनी याकडे लक्ष द्यावे, अशी शिफारसही केली. हे गोलक काय आहेत यावर मात्र त्यांनी आपले मत लादले नाही.

ही शिफारस मनावर घेणाऱ्यांत कॅनडाचा एक तरुण होता. पुढे इंग्रजी जगातला सर्वांत नामवंत वैद्य म्हणून गाजलेले विल्यम ऑस्लर १८७३ मध्ये लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत होते. उंदराच्या कातडीखालच्या सैल ऊतीचा तुकडा काढून त्यातल्या न फुटलेल्या रक्तवाहिनीत त्यांनी डोकावून पाहिले. तिथे पुंजके नव्हते. होत्या त्या सुट्या, एकेकट्या, फिकट चकत्या. तेच रक्त बाहेर काढले की पुंजके तयार. वाहिनीत वेगळे आणि बाहेर वेगळे, हा भेद ऑस्लर यांच्या हाती लागला होता. पण १८७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात आलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकात या कणांचा उल्लेख आहे तो ‘काही जीव’ असा. तो काळ जंतूंच्या शोधांचा होता, आणि रक्तात काही अनोळखी दिसले की संशय आधी जंतूवरच जाई.

या कणांचे काम काय, हा प्रश्न तर कुणी विचारतच नव्हते, कारण त्या कामाचे श्रेय आधीच दुसऱ्याला देऊन झाले होते. दोर्पातचे, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूचे, अलेक्झांडर श्मिट यांच्या मते रक्त गोठवणारे विकर पांढऱ्या पेशी फुटून बाहेर पडत असे. फ्रीडरिख त्सान यांनी १८७५ मध्ये रक्तवाहिनीत साकळणारी पांढरी गुठळी पांढऱ्या पेशींचीच असते, असे सांगितले. त्यांचे प्रयोग बेडकावर झाले होते. बेडूक प्रयोगशाळेतला सोयीचा प्राणी खरा. पण त्याच्या रक्तात प्लेटलेट नसतेच. तिचे काम तिथे केंद्रक असलेल्या अखंड पेशी करतात, आणि त्या पांढऱ्या पेशींसारख्या दिसतात. बेडकाने खरे तेच दाखवले होते. ते माणसाला लागू करताना गफलत झाली.

जूलिओ बिझ्झोझेरो यांचा जन्म १८४६ चा, उत्तर इटलीतल्या वारेझेचा. विसाव्या वर्षी ते पावियाच्या विद्यापीठातून डॉक्टर झाले. तिथे त्यांच्या हाताखाली सूक्ष्मदर्शकाचे काम शिकणाऱ्यांत कामिल्लो गोल्जी होते. वयाने गुरूहून मोठे, आणि पुढे १९०६ च्या नोबेलचे मानकरी. रक्तपेशी हाडांच्या मज्जेत तयार होतात, हे बिझ्झोझेरो यांनी १८६८ मध्ये सांगितले; त्याच वर्षी कोनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नॉयमान यांनीही स्वतंत्रपणे तेच मांडले. नंतर तुरीनला प्राध्यापक म्हणून गेल्यावर तिथल्या जुन्या मंडळींशी त्यांचे पटायला वेळ लागला. रोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे, हा त्यांचा आग्रह अनेकांना पोरकट वाटे.

१८८१ च्या सुमारास त्यांनी जे केले ते आज सांगताना सोपे वाटते. ससा किंवा गिनिपिग गुंगीत ठेवायचा, पोट उघडून आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा बाहेर घ्यायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा. पडदा पारदर्शक असल्यामुळे त्यातल्या बारीक वाहिन्यांतून वाहणारे रक्त दिसते. प्रवाह मंदावला की एकेक पेशी ओळखू येते. बेडकावर असे निरीक्षण पूर्वी पुष्कळांनी केले होते. बिझ्झोझेरो यांनी सस्तन प्राणी घेतला, आणि रक्त बाहेर न काढता ते जागेवरच पाहिले. तांबड्या आणि पांढऱ्या पेशींच्या मधून तिसरा कण वाहत होता. अतिशय पातळ, दोन्ही बाजूंनी सपाट, गोल किंवा लंबगोल, रंगहीन चकती. व्यास तांबड्या पेशीच्या निम्म्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा. सुटा, कुणालाही न चिकटलेला.

मग त्यांनी वाहिनीच्या भिंतीला इजा केली आणि तिथेच नजर ठेवली. वाहत्या चकत्या त्या जागी थबकू लागल्या. आधी भिंतीला चिकटल्या, मग चिकटलेल्यांना पुढच्या चिकटल्या. त्यांचा आकार बिघडला, त्या दाणेदार झाल्या, एकमेकींत मिसळल्या आणि पाहता पाहता गुठळी उभी राहिली. पांढऱ्या पेशी तिच्यात अडकल्या त्या नंतर. जिला पुढारीण समजले जात होते ती मागून आलेली निघाली.

दुसरा पुरावा त्यांनी शरीराबाहेर मिळवला. ताज्या रक्तात धागे घातले, थोड्या वेळाने काढून धुतले आणि तपासले. धाग्यांवर प्लेटलेट्सचे जाड थर होते, आणि रक्त गोठवणारे फायब्रिनचे तंतू त्याच थरांपासून निघालेले होते. काढलेल्या रक्तातही मूळ चकती पाहता यावी म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्यात मिथिल व्हायोलेट हा रंग मिसळला आणि थेंब बाहेर पडताक्षणी त्यात घेतला. आकार बदलायच्या आत प्लेटलेट गाठायची, एवढेच त्या युक्तीचे मर्म. १८८२ मध्ये बर्लिनच्या रुडोल्फ फिर्शो यांच्या नियतकालिकात हे सगळे सत्तर पानांच्या लेखात जर्मन भाषेत छापून आले, आणि ते युरोपभर पोहोचले.

पोहोचताच भांडण सुरू झाले. पॅरिसच्या झॉर्झ हायेम यांनी हे कण १८७८ मध्येच वर्णिले होते, मोजलेही होते. त्यांचे म्हणणे, पहिला मान माझा. पण हायेम त्यांना तांबड्या पेशींची पोरे समजत. मोठे झाले की ते तांबड्या पेशी होतात, हे मत त्यांनी पुढेही सोडले नाही. या कणांचा नाजूकपणा त्यांनी अचूक टिपला होता, हे मात्र मान्य करायला हवे. पेशी आहे त्या रूपात थिजवणारा त्यांचा पाऱ्याच्या क्षाराचा द्राव आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत तांबड्या पेशी मोजताना विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरला. नाव अजून ‘हायेम द्राव’च. दुसरीकडे, प्लेटलेट नावाची वस्तूच खोटी, रक्तातली प्रथिने निवून साका बसतो तोच हा, असे म्हणणारेही बरीच वर्षे होते.

बिझ्झोझेरो यांची बाजू भक्कम केली ती जर्मनीतल्या हाले शहराच्या दोघांनी. विषमज्वराचा जंतू पाहणारे कार्ल एबर्ट आणि त्यांचे तरुण सहकारी कुर्ट शिमेलबुश यांनी १८८५ ते १८८८ या काळात वाहिन्यांवर चिकाटीने प्रयोग केले. (बेशुद्धीचे औषध हुंगवायचा ‘शिमेलबुश मास्क’ जुन्या सर्जनांना आठवेल, तो यांचाच.) रक्त जोरात वाहत असते तेव्हा पेशी वाहिनीच्या मध्यातून जातात, वेग मंदावला की प्लेटलेट्स कडेला सरकतात, तिथली भिंत दुखावलेली असेल तर चिकटतात. वाहिनीतली गुठळी म्हणजे साधे गोठलेले रक्त नसते, आधी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, हे त्यांनी ठासून सांगितले. चिकटताना होणाऱ्या रूपबदलाला त्यांनी ‘चिकट रूपांतर’ म्हटले. प्लेटलेट वितळते, चिकट होते, आपली ओळख गमावते, असे ते चित्र होते.

हा शब्दप्रयोग पुढे सत्तर वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला, आणि त्यात दडलेला ग्रहही राहिला. प्लेटलेटचा आकारबदल म्हणजे तिचा ऱ्हास, तिचे मरण. बिझ्झोझेरो यांनासुद्धा तो बदल आड येणारी अडचण वाटे; म्हणून तर रंगीत मीठपाण्याची युक्ती. संशोधक चकतीच्या मूळ रूपाच्या मागे होते. आकार बदलणे हीच तिची मुख्य कामगिरी असेल, हे कुणाच्या मनात आले नाही.

प्लेटलेट येते कुठून, हे १९०६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जेम्स होमर राइट यांनी दाखवले. त्यांनी स्वतः बनवलेल्या रंगात मज्जेतल्या राक्षसी पेशींचा अंतर्भाग आणि प्लेटलेट हुबेहूब एकाच छटेत रंगत. या पेशी आपले हात मज्जेतल्या रक्तमार्गांत घालतात आणि त्या हातांचे तुकडे सुटून प्लेटलेट्स होतात. म्हणूनच तिला केंद्रक नाही. दैवाचा खेळ असा की मज्जेतल्या या राक्षसी पेशी बिझ्झोझेरो यांनी तरुणपणीच पाहून वर्णिल्या होत्या. आई आणि लेक दोघी त्यांच्या ओळखीच्या, नाते मात्र त्यांना कळले नाही. उत्तरायुष्यात डोळ्यांच्या आजाराने त्यांचा सूक्ष्मदर्शक सुटला, सार्वजनिक आरोग्याच्या कामात त्यांनी लक्ष घातले, आणि १९०१ मध्ये न्यूमोनियाने ते गेले.

राइट यांच्याबरोबर काम केलेल्या विल्यम ड्यूक यांनी १९१० मध्ये रक्तस्रावाचे काही आजार प्लेटलेट्स कमी झाल्यामुळे होतात आणि ताजे रक्त चढवले की स्राव थांबतो, हे रुग्णांवर दाखवले. कानाच्या पाळीला टोचून रक्त किती वेळात थांबते ते पाहण्याची चाचणी त्यांचीच. आता संख्येचे महत्त्व पटले. पण १९१८ मध्ये बर्नचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांच्यापुढे काही रुग्ण आले, ज्यांच्या प्लेटलेट्स मोजायला पुरेशा होत्या आणि तरी रक्त थांबत नव्हते. त्यांच्या रक्ताची गुठळी नेहमीप्रमाणे आकसत नसे. म्हणजे प्लेटलेट नुसती असून भागत नाही. तिने काहीतरी करायला हवे.

ते ‘काहीतरी’ त्याच बर्न शहरात चाळीस वर्षांनी हाती आले. १९५९ मध्ये बेटेक्स-गॅलंड आणि लूशर यांनी माणसाच्या प्लेटलेट्समधून एक आकुंचन पावणारे प्रथिन वेगळे काढले. ते स्नायूंतल्या अॅक्टिन आणि मायोसिन यांच्या जोडीचेच होते. जिला सडणारा कण मानले होते तिच्यात स्नायूची यंत्रणा निघाली. मरणाऱ्या वस्तूला स्नायू कशाला हवेत? ऱ्हासाच्या कल्पनेला इथे मोठे भगदाड पडले.

१९५४ मध्येच न्यूयॉर्कच्या मार्जरी झुकर आणि त्यांचे सहकारी बोरेली यांनी दुसरे भगदाड पाडले होते. थंडीने प्लेटलेट चकतीची गोल होते आणि पुन्हा ऊब दिली की गोलाची चकती होते, हे त्यांनी नोंदले. जो बदल उलटवता येतो त्याला मरण म्हणता येत नाही. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यामागचे कारण दाखवले: शांत प्लेटलेटच्या कडेने आतून बारीक प्रथिननळ्यांचे वेटोळे असते आणि तेच चकती सपाट राखते. मिनेसोटाचे जेम्स व्हाइट यांनी थंडीत हे वेटोळे विरघळते, हे छायाचित्रांनी सिद्ध केले.

पुढच्या तीन दशकांत हा रूपबदल पायरीपायरीने उलगडला. जखमेतून उघडे पडलेले कोलॅजन, रक्तात तयार झालेले थ्रॉम्बिन किंवा शेजारच्या प्लेटलेटने सोडलेले एडीपी हे रसायन पृष्ठभागावर येऊन लागले की प्लेटलेटच्या आत कॅल्शियम वाढते. काही सेकंदांत चकती गोल होते. मग तिला लांब बारीक काटे फुटतात. ते आसपास चाचपतात, भिंतीला आणि एकमेकींना धरतात. पृष्ठभाग मिळाला की काट्यांमधल्या जागा पातळ पडद्याने भरत जातात आणि प्लेटलेट त्यावर पसरते. आतले दाणे मध्यभागी गोळा होतात, भोवती पातळ झालर राहते. १९७९ मध्ये रॉबर्ट अॅलन आणि सहकाऱ्यांनी जिवंत प्लेटलेट्सच्या चित्रणात ही अवस्था टिपली. तव्यावर फोडलेल्या अंड्यासारखी ती दिसते, आणि प्रयोगशाळांत तिला त्याच नावाने ओळखतात.

हे सारे घडवणारे अॅक्टिन एकेका प्लेटलेटमध्ये सुमारे २० लाख रेणूंइतके असते. विश्रांतीत त्यातले ४० टक्के तंतूंमध्ये गुंफलेले असते, बाकी सुटे. बॉस्टनचे जॉन हार्टविग यांनी १९९२ मध्ये दाखवले की कॅल्शियम वाढताच जेल्सोलिन नावाचे प्रथिन जुने तंतू कापते. कापलेल्या टोकांवरून नवे तंतू झपाट्याने वाढतात आणि गुंफलेल्या अॅक्टिनचे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांवर जाते. आधी मोडायचे, मग त्याच तुकड्यांतून नवे बांधायचे. पसरायला लागणारे जादा आवरण येते प्लेटलेटच्या आतल्या दुमडलेल्या नलिकांतून. तिने ते आधीच साठवून ठेवलेले असते. ग्लान्झमान यांच्या रुग्णांचे कोडेही सुटले. १९७४ मध्ये पॅरिसच्या नर्डन आणि कान यांना अशाच रुग्णांच्या प्लेटलेट्सच्या आवरणावर ठरावीक ग्लायकोप्रथिनांची उणीव आढळली. त्या आकार बदलतात, पण फायब्रिनोजेनला, म्हणजे फायब्रिनच्या पूर्वरूपाला, धरणारी पकडच नसल्यामुळे एकमेकींना जोडल्या जात नाहीत आणि गुठळी आवळता येत नाही.

आकारबदल दवाखान्यात मोजायची सोय केली गुस्ताव बॉर्न यांनी. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे हे पुत्र. नाझी राजवटीमुळे कुटुंबासह जर्मनी सोडलेले. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर म्हणून युद्धानंतर ते हिरोशिमात होते, आणि किरणोत्साराने मज्जा जळालेल्या माणसांचा न थांबणारा रक्तस्राव त्यांनी तिथे पाहिला. १९६२ मध्ये लंडनला त्यांनी साधे उपकरण केले. प्लेटलेट्स असलेला रक्तद्रव काचनळीत ढवळत ठेवायचा आणि त्यातून प्रकाश सोडायचा. चकत्या ढवळल्या जात असताना प्रकाश लवलवतो. एडीपी टाकले की चकत्या गोल होतात, लवलव थांबते आणि प्रकाश किंचित घटतो. मग पुंजके होऊ लागले की द्रव निवळत जातो. ज्या बदलासाठी बिझ्झोझेरो यांना सशाचे आतडे पसरावे लागले तो आता कागदावरच्या रेषेत उमटू लागला. गुठळी रोखणारी अनेक औषधे याच रेषेवर पारखली गेली.

गोष्ट इथे मिटत नाही. २००९ मध्ये मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या गटाने जिवंत उंदराच्या वाहिनीत पाहिले तेव्हा वाढत्या गुठळीत चकतीच्याच रूपातल्या पुष्कळ प्लेटलेट्स सैल धरून बसलेल्या दिसल्या. पूर्ण आकार बदललेल्या, घट्ट विणलेल्या प्लेटलेट्स असतात जखमेलगतच्या गाभ्यात. बाहेरच्या थरातल्या वाट बघत असतात, आणि गरज नसेल तर सुटून पुन्हा प्रवाहात जातात. हे काचपट्टीवर दिसले नसते. पुन्हा एकदा वाहत्या रक्तातच डोकवावे लागले.

या इतिहासाचा रोजचा हिशेब रक्तपेढीत होतो. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाचे मर्फी आणि गार्डनर यांनी थंडीत साठवलेल्या प्लेटलेट्स रुग्णाच्या शरीरातून लवकर नाहीशा होतात, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या मात्र टिकतात, हे दाखवले. तेव्हापासून त्या सहसा फ्रिजमध्ये जात नाहीत. पावसाळा सरताना पुण्या-मुंबईत डेंग्यूची लाट येते आणि घराघरात प्लेटलेट्सचे आकडे विचारले जातात, तेव्हा त्या पिशव्या २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या फळ्यांवर ठेवलेल्या असतात. तरीही मुदत पाचच दिवसांची. पिशवी देण्याआधी तंत्रज्ञ ती उजेडासमोर धरून हळू फिरवतो. आत लवलवणारे लोट दिसले तर चकत्या शाबूत आहेत. नुसताच स्थिर गढूळपणा दिसला तर त्या गोल झाल्या आहेत, आणि ती पिशवी तो बाजूला ठेवतो.